ओलुफचं बूच

आरविड फेरीबोटीवर गाड्या लावून घ्यायचं काम करायचा. किनारा ते लांगव्हॅर बेट आणि बेट ते किनारा, दिवसभर हेच. पन्नाशी उलटली होती, लग्न एकदा होऊन मोडलं होतं, आणि आता तो बेटावरच्या जुन्या घरात आई बोर्गहिल्डबरोबर राहत होता. बोलणं बेताचंच. फेरीवरची पोरं म्हणायची, आरविडला जिभेपेक्षा हातवारे बरे जमतात.

अशा माणसानं एके दिवशी ट्रॅक्टरच्या मागे जोडून एक मोडकी बोट घरी आणली, तेव्हा साऱ्या बेटाला नवल वाटलं. बोट त्याच्या बापाची, ओलुफची होती. नाव ‘टेर्ना’. अठरा फूट लांबीची, मागे निमुळती, एकावर एक चढवलेल्या फळ्यांची. ओलुफनं ती विकल्यावर एका मेंढीवाल्यानं तिच्यातून मेंढ्या आणि गवत वाहिलं, आणि नंतर गोठ्यामागे पालथी घालून विसरून गेला. आरविडनं विचारलं तर म्हणाला, “ने बाबा, तेवढीच जागा मोकळी होईल.”

आईनं खिडकीतूनच पाहिलं. जेवायला बसल्यावर म्हणाली, “कशाला आणलीस ती?”

“दुरुस्त करणार आहे.”

“तिच्यात दुरुस्त करण्यासारखं उरलंय काय? उन्हाळ्यात सेंट हान्सच्या सणाला होळी पेटवतात, तिला देऊन टाक. लाकूड वाळलेलं आहे, छान पेटेल.”

“बाबांची बोट आहे, आई.”

“म्हणूनच म्हणते,” ती म्हणाली आणि ताटातले उकडलेले बटाटे सोलत राहिली.

ती असं का म्हणते, हे आरविडला कळत होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. ‘टेर्ना’नं ओलुफचं आयुष्य नासवलं होतं, हे बेटावर कुणालाही ठाऊक होतं. आरविड पाळण्यात होता तेव्हाची गोष्ट. हिवाळी कॉड माशांचा हंगाम तोंडावर आला होता. ओलुफनं नवं इंजिन बसवलं होतं, जाळी भरून ठेवली होती, आणि सकाळी धक्क्यावर जाऊन पाहतो तर बोट पाण्याखाली. वादळ नाही, वारा नाही, शांत पाण्यात बांधल्या जागी बुडालेली. ओहोटीला ती वर काढली तेव्हा तळाचं बूच जागेवर नव्हतं. बोट किनाऱ्यावर ओढली की साचलेलं पाणी काढायला उपसतात ते लाकडी बूच. समुद्रात लोटण्याआधी ते ठोकून बसवायचं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

ओलुफ सांगत राहिला, मी बसवलं होतं, चांगलं ठोकून बसवलं होतं. लोक हसले. खाऱ्या पाण्यानं इंजिन गेलं, हंगाम गेला. आणि ज्याला स्वतःच्या बोटीचं बूच लावायचं भान नाही, त्याला आपल्या बोटीवर कोण घेणार? तो मासे गोठवायच्या कारखान्यात लागला. एका हिवाळ्यापुरता म्हणून लागला आणि म्हातारा होईपर्यंत तिथेच राहिला. ‘बूच ओलुफ’ हे नाव मात्र त्याला कायमचं चिकटलं.

पहिली काही वर्षं तो वाद घालायचा. मग गप्प राहायला लागला. आणि मग, हे आरविडनं स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याचाच स्वतःवरचा विश्वास उडाला. दाराची कडी लावायचा, चार पावलं जाऊन परत यायचा, पुन्हा चाचपायचा. शेगडी बंद केली का, हे अंथरुणातून उठून पाहायचा. बोर्गहिल्ड म्हणायची, “अरे, लावलीय कडी, मी पाहिलीय.” तो म्हणायचा, “माझा काही भरवसा नाही.” आरविड सोळासतराचा असताना बापलेकांचं एकदा कडाक्याचं भांडण झालं, आणि पोरगा बोलून गेला, “तुम्ही मला शिकवू नका. एक बूच लावता आलं नाही तुम्हाला.”  ओलुफनं टोपी घातली आणि तो बाहेर गेला.

तो वारला, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. बोट नीट करावी, हे आरविडच्या मनात कसं आलं, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

घरामागच्या पडवीत त्यानं बोट ठोकळ्यांवर चढवली. त्याला सुतारकाम बेताचंच येत होतं, म्हणून दर शनिवारी एडवीन यायचा. एडवीन बेटावरचा शेवटचा बोटी बांधणारा, ऐंशीच्या पुढचा, कानानं कमी पण हातानं अजून पक्का. ‘टेर्ना’ बुडाली तेव्हा तिला वर काढणारा आणि दुरुस्त करणाराही तोच. आरविड त्याला लहानपणापासून काका म्हणायचा.

“ही फळी कुजली, ही काढ. ही पण,” एडवीन हातोडीनं ठोकत सांगायचा. “आवाज ऐक. चांगलं लाकूड बोलतं, कुजलेलं नुसतं हूं म्हणतं.”

“माझ्या साहेबासारखं,” आरविड म्हणाला, आणि म्हातारा खोकला येईपर्यंत हसला.

ते शनिवार आरविडला फार आवडू लागले. फळी वाफेच्या लांब पेटीत घालायची, मऊ झाली की दोघांनी धावत नेऊन वाकवून बसवायची, तांब्याचे खिळे मारायचे. मग वॉफल, तपकिरी चीज आणि कॉफी. एडवीन ओलुफच्या तरुणपणाच्या गोष्टी सांगायचा. हात किती चलाख, नाच किती छान करायचा. आरविडनं असा बाप कधी पाहिलाच नव्हता. आपल्याला बाप नव्यानं मिळतोय, असं त्याला वाटायचं.

एकच गोष्ट एडवीन पुन्हा पुन्हा सांगायचा. “तळाच्या कण्याला लागून डावीकडची जी फळी आहे ना, तिला हात लावू नकोस. ती मी त्या वेळी नीट केलीय. ठणठणीत आहे.”

आरविडनं लावलाही नसता. पण एडवीनला सर्दी झाली म्हणून एका शनिवारी तो आला नाही, आणि आरविड एकटाच तळाचा जुना रंग खरवडत बसला. त्या फळीवर बाहेरून तळहाताएवढा तांब्याचा पत्रा ठोकलेला होता. पत्र्याची कड उचकटलेली दिसली. खाली पाणी मुरत असेल, म्हणून त्यानं पटाशीनं पत्रा काढला.

खाली लाकडाची एक गोल खुंटी बसवलेली होती. नेटकी, अंगठ्याएवढी जाड. बूच बसवायचं भोक तर मागच्या बाजूला होतं, आणि ते शाबूत होतं. मग हे दुसरं भोक कशाचं? त्यानं खुंटी ठोकून बाहेर काढली. भोकाची आतली कड गुळगुळीत होती. बाहेरच्या कडेला लाकडाचे कपचे उडालेले होते. ज्यानं एकदाही लाकडाला भोक पाडलंय, त्याला हे कळतं. गिरमिट ज्या बाजूनं बाहेर पडतं, तिथे लाकूड फाटतं. म्हणजे कुणीतरी बोटीत बसून, तळावर अंथरलेल्या सुट्या फळ्या उचलून, आतून हे भोक पाडलं होतं.

तो खुंटी खिशात घालून तसाच एडवीनच्या घरी गेला. म्हातारा गळ्याला लोकरी पट्टा गुंडाळून बसला होता. आरविडनं खुंटी टेबलावर ठेवली.

“काका, हे काय आहे?”

एडवीननं ती उचललीही नाही. “तुला म्हटलं होतं, त्या फळीला हात लावू नकोस.”

“कुणी पाडलं ते भोक?”

“तुझ्या आईला विचार.”

“मी तुम्हाला विचारतोय.”

एडवीननं गळ्याचा पट्टा सैल केला. “बोर्गहिल्ड माझ्याकडून गिरमिट घेऊन गेली होती. म्हणाली, परसातल्या कपडे वाळत घालायच्या खांबांना भोकं पाडायचीत. दुसऱ्या दिवशी बोट बुडाली. ओहोटीला मी खाली उतरलो, बाकीचे दोर धरून वर उभे. पाहतो तर हे भोक. वर पाहिलं तर ती धक्क्यावर उभी. तू तिच्या कडेवर.”

“आणि बूच?”

“बूच जागेवर होतं.” म्हाताऱ्याचा आवाज खाली गेला. “ती सगळ्यांदेखत ओलुफला म्हणाली, बूच लावलं होतंस ना रे? तेव्हा माझ्या लक्षात आलं तिला काय हवंय. मी ते उपसलं आणि खिशात टाकलं, आणि भोक चिखल दाबून बुजवलं.”

आरविडला बसावंसं वाटत होतं, पण त्या घरात बसायचं नव्हतं. तो उभाच राहिला. “का? काय लागत होती ती तुमची?”

“तसलं काही मनात आणू नकोस. तिचे दोन्ही भाऊ आदल्याच हिवाळ्यात बाहेरच्या खडकांपाशी बुडाले होते. थोरला माझा दोस्त. शोधायला गेलेल्या बोटीत मी होतो. काय सापडलं ते मी पाहिलंय.” तो थांबला. “वाटलं, चार दिवस हसतील आणि विसरतील.”

“चाळीस वर्षं हसले, काका. तुम्ही त्यांच्यात बसून कॉफी पीत होतात.”

 आरविडनं खुंटी उचलली आणि निघाला.

आई स्वयंपाकघरात मासे साफ करत होती. आरविडनं काही विचारण्याआधीच तिनं त्याच्या हातातली खुंटी पाहिली आणि सुरी बाजूला ठेवली.

“एडवीननं सांगितलं?”

“हो.”

“मग मी काय वेगळं सांगू.” तिनं हात पुसले. “तो गेला असता, आरविड. माझे भाऊ गेले तसा. हातापाया पडले होते मी त्याच्या. म्हणाला, मासेमाराच्या घरात जन्मलीस आणि पाण्याला भितेस?”

“म्हणून बोट बुडवलीस.”

“एक हंगाम चुकावा, एवढंच डोक्यात होतं.”

“आणि नंतर? नंतर का नाही सांगितलंस त्यांना?”

“पहिल्या वर्षी त्याची भीती वाटली. मग वाटलं, आता सांगितलं तर तो विचारेल, इतके दिवस का गप्प बसलीस. दर वर्षी ते जास्तच जड होत गेलं.” ती खुर्चीत बसली. “पण तो जगला. तुला बाप मिळाला. माझ्या भावांच्या पोरांना विचार, बाप नसणं काय असतं.”

“मला बाप मिळाला?” आरविड म्हणाला. “कडी तीनतीनदा चाचपणारा माणूस मिळाला. तू शेजारी उभी राहून म्हणायचीस, लावलीय रे, मी पाहिलीय. धक्क्यावर बुचाचा विषय पहिल्यांदा कुणी काढला, आई? लोकांनी नाही. तू.”

 “मी घाबरले होते,” ती म्हणाली. “कुणी तळ बघायला लागलं असतं तर...”

“मी सुद्धा त्यांना बोललो. तू याच खोलीत होतीस. मी बोललो आणि तू ऐकत होतीस.”

त्याला आईनं रडावं, माफी मागावी असं वाटत होतं. ती उठली आणि उरलेले मासे साफ करू लागली. 

हिवाळाभर बोट ताडपत्रीखाली पडून राहिली. बरा झाल्यावर एडवीन एका शनिवारी आला, फाटकापाशी थांबला. आरविड पडवीच्या दारात उभा होता. त्यानं ‘या’ म्हटलं नाही. म्हातारा थोडा वेळ थांबून परत गेला.

सगळ्यांत जास्त लागलं ते यानंतर जे झालं ते. आरविडनं ठरवलं, बापाच्या नावावरचा डाग पुसायचाच. बेटावरच्या दुकानात सकाळी एका टेबलाशी म्हातारे मासेमार कॉफीला बसत. ओलुफच्या बरोबरीचे त्यात तिघेचौघे उरले होते. आरविड तिथे गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आयुष्यात तो एका दमात इतकं कधी बोलला नव्हता.

 एकजण म्हणाला, “बिचारी बोर्गहिल्ड. दोन भाऊ एका दिवशी.”

“पण हिंमत केली बाईनं,” दुसरा म्हणाला. “नवरा वाचवला. आपल्यातले किती गेले त्या वर्षांत.”

“आणि ओलुफ?” आरविडनं विचारलं.

“ओलुफला काय झालं? चांगला म्हातारा होऊन बिछान्यात मेला.”

आरविड त्यांची तोंडं पाहत राहिला. याच तोंडांनी त्याच्या बापाला जन्मभर ते नाव दिलं होतं. त्यांतल्या एकालाही वाटलं नाही की आपण काही परत घ्यायला हवं.

त्या आठवड्यात शेजारणी बोर्गहिल्डला भेटायला आल्या. कुणी केक आणला, कुणी लोकरीचे मोजे. तिच्या भावांची आठवण काढून डोळे पुसले. इतकी वर्षं तिनं ते एकटीनं कसं सोसलं, असं म्हणत राहिल्या. आरविड शेजारच्या खोलीतून ऐकत होता. ओलुफचं नाव एकदाही निघालं नाही.

वसंतात त्यानं ताडपत्री काढली. ती भोकाची फळी संबंध काढून नवी बसवली. एडवीनशिवाय त्याच्याकडून दोन फळ्या फुटल्या, तिसरी बसली. जवसाचं तेल दिलं, डांबर दिलं. एका साध्या मंगळवारी, धक्क्यावर कुणी नसताना, बोट पाण्यात लोटली. पहिल्या दिवशी सांध्यांतून पाणी आलं, जुन्या लाकडाला फुगायला वेळ लागतो. तो दर दोन तासांनी जाऊन उपसत बसला. तिसऱ्या दिवशी पाणी यायचं थांबलं.

आता सुट्टीच्या दिवशी तो पहाटे एकटाच बाहेर जातो. आईसाठी सरपण फोडतो, तिची औषधं आणतो, मासे आणून ओट्यावर ठेवतो. तिच्याशी बोलतो तेही कामापुरतं. दुपारची कॉफी दोघं पूर्वी एकत्र घेत. आता तो आपला कप घेऊन पडवीत जातो. एकदा तिनं दारापर्यंत येऊन विचारलं, “किती दिवस असा वागणार आहेस?”

“माहीत नाही, आई,” आरविड म्हणाला. ते खरंच होतं.

 ती भिंतीला धरून, एकेक पायरी चढत घरात गेली. तिला हात द्यायला तो अर्धवट उठला होता. पुन्हा खाली बसला.