गुरुजींचा अंगठा

कुमेजिरो चाकावर चहाचा वाडगा घडवायचा, पण ओला वाडगा उचलायला त्याचा हात थरथरायचा. ते काम बायकोचं, शिगेनोवहिनीचं. तिच्या अंगठ्याची एक खळी प्रत्येक वाडग्यावर उमटायची. आमच्या बिझेन गावच्या भांड्यांना झिलई नसते, त्यामुळे भट्टीतून निघाल्यावरही अंगठ्याच्या रेषा तशाच दिसायच्या.

चहा पिणाऱ्या बड्या मंडळींचा अंगठा त्या खळीत नेमका बसे आणि त्यांना गहिवरून येई. क्योटोच्या तोबातासाहेबांनी तर या खळीवर जाडजूड पुस्तकच लिहिलं. त्यात त्यांना गुरुजींचा, म्हणजे कुमेजिरोचा, पुरुषी संयम दिसला. कुमेजिरोने ते वाचलं आणि मरेपर्यंत ब्र काढला नाही पठ्ठ्याने.

तो गेल्यावर वहिनी चाकावर बसली. शरदातल्या प्रदर्शनात आपल्या नावाचा एक वाडगा लागावा, एवढंच तिला हवं होतं. परीक्षक तोबातासाहेब. त्यांनी भिंग लावलं, पुस्तकातल्या फोटोंशी ताडून पाहिलं.

"बाई, हा गुरुजींचा वाडगा. रेषा न् रेषा जुळतेय. कच्चा मागे राहिला असेल, तुम्ही तळाशी नाव कोरून भाजलात."

"अंगठा माझा आहे."

"असं वाटतं हो. इतक्या वर्षांचा संसार."

वहिनीने पिशवीतून मातीचा गोळा काढला, अंगठा दाबला, पुढे सरकवला. साहेब भिंगातून बघतच राहिले. कान लाल झाले. मग गोळा हातात घेऊन ते बोलता बोलता मळू लागले. "गिऱ्हाईक गुरुजींच्या नावावर येतं. तुमच्या पुतण्याची भट्टीसुद्धा त्यावरच चालते. जरा विचार करा." बोलणं संपलं तेव्हा गोळा गुळगुळीत झाला होता.

"दुसरा देऊ?" वहिनीने विचारलं.

मी वहिनीच्या सोबतीला आलो होतो, माझं टाळकं सणकलं. मी तोंड उघडणार, तोच तिने माझी बाही ओढली. "राहू दे भावजी. पोराची भट्टी आहे."

वाडग्याला पहिलं बक्षीस मिळालं. पाटीवर कुमेजिरोचं नाव. तळाचं नाव कोण बघतो, वाडगा तर सुलटाच ठेवतात. बक्षीस घ्यायला वहिनीलाच बोलावलं, नवऱ्याच्या वतीने. तोबातासाहेब तिच्यापुढे कमरेत वाकले आणि म्हणाले, एवढ्या मोठ्या कलावंताच्या कामात कधी हात न घालणं, हाच या बाईंचा मोठेपणा. सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या. वहिनीनेही वाजवल्या.