जोवेलिनची दोन बोटं

अँतिके प्रांतातल्या आमच्या गावच्या शाळेत अकरावी-बारावीला कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग हा व्यवसाय विषय सुरू झाला आणि तो माझ्या गळ्यात पडला. त्याआधी वीस वर्षं मी टायपिंग शिकवत होते. दोन्हीकडे बटणं दाबायची असतात, एवढं मुख्याध्यापकांना पुरेसं वाटलं. वर्गात एकेचाळीस मुलं आणि चालू कॉम्प्युटर चौदा, म्हणून तिघांत एक अशी वाटणी मी करून टाकली.

जोवेलिन पादिर्नोस शेवटच्या बाकावर रेनान आणि क्लाईडबरोबर बसायची. तिची आई बाजारात इबोस, म्हणजे पानात गुंडाळून शिजवलेला चिकट भात, विकायची. पोरगी हुशार. गणित वाचलं की अख्खा प्रोग्रॅम पिवळ्या कागदावर ओळीनं लिहून काढायची. रेनान तो धडाधड टाइप करायचा. क्लाईड चुका शोधायच्या नावाखाली तिच्या डब्यातले इबोस खात पडद्याकडे बघत बसायचा.

"इंदाय, तूही बस की जरा कीबोर्डवर," मी एकदा जोवेलिनला म्हटलं. आमच्याकडे पोरींना लाडानं इंदाय म्हणतात.

"नको मॅम, मी बसले तर तास संपेल. रेनानचा हात बघा कसा पळतो."

"गेम खेळून पळतोय तो," क्लाईड म्हणाला.

"आणि तुझं तोंड? ते माझ्या डब्यावर पळतं."

मी हसले आणि पुढच्या बाकाकडे गेले. या तिघांचं काम नेहमी सगळ्यांच्या आधी व्हायचं आणि मी तिघांना सारखे गुण द्यायचे. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

बारावीच्या शेवटी सरकारी परीक्षा असते. शहरातल्या एका लहानशा कंपनीनं आमची दोन मुलं घ्यायचं कबूल केलं होतं, पण हातात प्रमाणपत्र हवं. कॉलेज जोवेलिनच्या घरी झेपणारं नव्हतं, त्यामुळे तिची सगळी मदार या परीक्षेवर होती. आणि परीक्षेला एका कॉम्प्युटरवर एकच जण बसतो.

पहिल्या तासातच तिनं प्रोग्रॅम कागदावर उतरवला. मग दोन बोटांनी एकेक अक्षर हुडकायला लागली. महिरपी कंस कुठल्या बटणावर असतो हेच तिला सापडेना. चार तास संपले तेव्हा प्रोग्रॅम निम्माही चढला नव्हता.

"कागदावर सगळं बरोबर आहे," परीक्षक म्हणाले. "पण मला तो चालताना बघायचाय."

रेनानचा हात एवढा पळणारा, पण त्याचा पडदा कोराच राहिला. तिघांतला पास झाला तो क्लाईड. दोन वर्षं बघत बसून त्याला दोन्ही आलं होतं. कंपनीतली एक जागा त्याला मिळाली. दुसरी त्यांनी महिनाभर राखून ठेवली आणि फेरपरीक्षाही महिन्यानंच होती.

दुसऱ्या दिवशी जोवेलिन माझ्याकडे आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज साधा होता.

"मॅम, तुम्ही पूर्वी टायपिंग शिकवायचात ना? मला शिकवाल?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षं गावातल्या पोरींना दहा बोटांनी टाइप करायला शिकवलं, आणि ही पोरगी दोन वर्षं माझ्यासमोर बसून दोन बोटांवर राहिली.

शाळेतले कॉम्प्युटर सुट्टीत कुलपात असतात. मी अडगळीतून एक जुना टाइपरायटर काढला, फीत बदलली आणि अक्षरं दिसू नयेत म्हणून बटणांवर कागदाचे तुकडे चिकटवले. महिरपी कंस त्या यंत्रावर नव्हतेच. त्यांच्यासाठी मी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून दिला. महिनाभर ती रोज सकाळी यायची. तिसऱ्या दिवसापासून रेनानही आला आणि शेजारी बसून कागदावर प्रोग्रॅम लिहायला शिकू लागला.

फेरपरीक्षेत वेळ संपायला अकरा मिनिटं असताना जोवेलिनचा प्रोग्रॅम चालला. रेनानचा त्याही वेळी राहिला.

संध्याकाळी तिची आई इबोसची भरलेली टोपली घेऊन माझ्या दारात आली. "तुम्ही होतात म्हणून, मॅम," ती म्हणाली. मी टोपली घेतली. पोरगी पहिल्यांदा नापास झाली तीही माझ्यामुळेच, हे तिला सांगायचं धाडस मला झालं नाही.