तांबी कोणी बसवली?

भंडारा जिल्हा फुटला तेव्हा माझं माहेर गोंदियात गेलं अन् सासर पवनीकडचं, ते भंडाऱ्यातच राहिलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पोरगी झाली. सव्वा महिन्यानं मायनं तिकडच्याच दवाखान्यात नेऊन माझे टाके दाखवले, अन् पोरीले घेऊन मी सासरी आली.

मग अडीच वर्षं काहीच नाही. सासूले वाटे, मी चोरून गोळ्या खाऊन राहिली. मी धान रोवायले गेली की माझी पेटी उपसली जाई. साड्यांच्या घड्या उलट्या दिसत. मलेही ती रोज पाजे त्या काढ्याचा वास काही बरा वाटत नव्हता. म्हटलं, हाच गर्भ धरू देत नसेल! अर्धा कप मी मागच्या दारी ओतून देई. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट मात्र चुलीजवळ हळूहळू निघू लागली होती.

शेवटी सासूनं मले उपकेंद्रात ओढत नेलं. सिस्टरनं तपासलं अन् म्हणाली, "आत तांबी बसवली आहे की! मूल कसं राहील?"

"घ्या! म्हणत नव्हती काय मी!" सासू ओरडली.

मी पोरीची शप्पथ घेतली. कोण ऐकते! सिस्टरच्या रजिस्टरात माझं बाळंतपणच नव्हतं, ते तिकडच्या जिल्ह्यात. "काढू काय?" तिनं विचारलं, तेही सासूले. मी टेबलावरून उतरली. आधी ती बसवली कोणी, ते मले पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी माहेरी जाऊन मायसमोर उभी राहिली. ती तांदूळ पाखडत होती. हात थांबला तिचा.

"टाके दाखवले तेव्हा मीच सांगतलं होतं बसवा म्हणून. बाळंतपणात मरता मरता वाचली तू. सासरचे दुसऱ्या पोरासाठी थांबले असते काय?"

"अन् मले काहून नाही सांगतलं?"

"तू नवऱ्याले सांगतलं असतं."

असा राग आला, अन् रडूही. जिच्यावर संशय घ्यायचं मनातही आलं नाही, तिनंच!

परत येताना एकटीच उपकेंद्रात गेली. सिस्टरनं माझ्या मागे पाहिलं. "सासू नाही आली? मग कोणाले विचारून काढू?"

"मले विचारा," म्हटलं.

"बरं. काढायची की राहू द्यायची?"

अडीच वर्षं मी सगळ्यांवर नजर ठेवली, अन् मले काय पाहिजे ते एकदाही मनात आणलं नव्हतं. "घटकाभर थांबा," म्हटलं, अन् सिस्टर थांबली.