आधी हाक, मग दोर

मला समुद्राची भीती कधी वाटली नाही हो, भीती परक्या माणसापुढे तोंड उघडायची. मुंबईच्या इस्पितळातल्या स्पॅनिश नन, ज्यांना सगळे माद्रे म्हणत, नर्सिंगसाठी मुली निवडायला आमच्या वाडीत आल्या, तेव्हा मी नारळाच्या सोडणांच्या ढिगामागे लपून बसले. आता त्या पुन्हा यायच्या होत्या, आणि त्यांना आमची बोली कळत नसे. या खेपेला गप्प राहिले असते, तर तिसऱ्यांदा मला कोण विचारणार होतं?

गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडेच होता. माझा काका, त्याला आम्ही तियू म्हणायचो, बोटीवर खानसामा होता. दूरदूरच्या बंदरांत फिरून स्पॅनिश शिकलेला. जाळं विणता विणता मलाही शिकवायचा.

"शब्द येतत गो तुका. पण 'माका', 'तुका', 'ता' एकत्र इले की तू अडाकतस."

खरंच अडकायची. 'ते लो दोय', तुला ते देतो, इथवर ठीक. आपलेच हात धुवायचे तर 'मे लास लावो', हातांसाठी 'लो'चं 'लास'. पण 'त्याला ते' म्हणताना 'ले लो' नाही, 'से लो'. मोठ्यांना मान देऊन 'तुम्हाला ते' म्हणायचं तरी तोच 'से'! मी रडकुंडीला यायची.

तियू हसायचा. "होडीत दोर टाकताना आपण काय करतो? आधी हाक, मगे दोर. माणूस पयलो, वस्तू मागसून. ह्या पण तसाच."

माद्रे आल्या त्या दिवशी खाडीला जोराची ओहोटी होती. वारा फिरला आणि त्यांची होडी धक्क्याला न लागता खाडीच्या मुखाकडे, खडकांकडे वाहू लागली. नावाडी वल्ह्याशी झुंजत होता. दोर धरायला मोकळे हात फक्त माद्रेंचे, आणि त्या डोळे मिटून जप करत बसलेल्या. तियू कमरेभर पाण्यात दोराचं वेटोळं घेऊन उभा. घाबरून सगळी स्पॅनिश विसरला बिचारा, मालवणीतच ओरडत होता, "धर गो बाय, धर!"

मी धक्क्यावर सवयीने दोन पावलं मागे सरकले. पण तियू दोर फेकणार, आणि त्यांचे डोळे मिटलेले!

"माद्रे!" मी किंचाळले.

त्यांनी डोळे उघडले.

"से ला लान्सा!" तुमच्याकडे दोर टाकतोय तो.

तियूने दोर सोडला. माद्रेंनी झेलला आणि तळवे सोलवटले तरी सोडला नाही.

होडी ओढून घेतल्यावर त्यांना आमच्या घरी आणलं, मायने त्यांच्यापुढे पाण्याचं घमेलं ठेवलं. मी दाराआड. भीती कुठे गेली होती? उलट आता त्या मला विचारणार होत्या.

"मे लास लावो," हात पाण्यात घालत त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मी पंचा घेऊन पुढे झाले. "से लास सेको," मी म्हटलं. तुमचे हात मी पुसते.

हात पुसायला घेतले, तर ते माझ्याहून जास्त थरथरत होते.