न झटकलेला कागद

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, आम्ही सगळे पाठीमागे ‘फडकं’ म्हणायचो. कारण त्यांच्या खांद्यावर सदैव एक पांढरं फडकं असायचं. बसायच्या आधी खुर्ची पुसायची, चहा घ्यायच्या आधी बशी पुसायची, बाहेरून आल्यावर आधी चपला झटकायच्या, मग सदरा आणि मग स्वतःला. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी पुढे केलेली खुर्ची त्यांनी माझ्यादेखत पुसली. मी चौदा वर्षांची होते. असा राग आला होता की काही विचारू नका. ताई मात्र तोंडावर हात ठेवून हसली, आणि पुढे बत्तीस वर्षं ती त्या फडक्याला हसतच राहिली.

भाऊजी नगरपालिकेत शिपाई होते. शहराची हवा मोजायचं ठरलं आणि वाचनालयाच्या गच्चीवर एक पत्र्याची पेटी बसवली, तेव्हा साहेबांनी विचारलं, तुमच्यात नीटनेटका माणूस कोण? सगळ्यांनी एकमुखाने भाऊजींकडे बोट दाखवलं. अशा रीतीने ते काम त्यांच्या गळ्यात पडलं. खोटं कशाला बोलू, त्यांना त्याचा फार अभिमान होता.

त्या पेटीला वर उतरतं छप्पर आणि आत पंखा होता. छपराखाली वहीच्या पानाएवढा पांढराशुभ्र कागद लावायचा. पंखा एक दिवस हवा ओढत राहतो आणि हवेतली धूळ कागदावर बसते. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला कागद काढायचा, घडी करून पाकिटात घालायचा, वेळ लिहायची आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. आठवड्यातून दोनदा हे चाले. प्रयोगशाळेत कागदाचं वजन करतात. कोऱ्या कागदाचं वजन आधीच केलेलं असतं, त्यामुळे वजन जितकं वाढेल तितकी हवेत धूळ. पण हे वजनाचं भाऊजींना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटायचं, कागदाचा रंग पाहून काय ते ठरवतात. त्यांच्या हातात एक सूचनापत्रक दिलं होतं आणि त्यात एक ओळ होती, ‘कागदावर किडे, पाने इत्यादी चिकटल्यास काढून टाकावीत.’

एकदा ते डबा विसरले म्हणून मी तो द्यायला गच्चीवर गेले होते. भाऊजींनी कागद दोन कोपऱ्यांत धरला, कठड्याबाहेर नेला आणि हलकेच दोनदा झटकला. एक करडा ढग उडाला. मी म्हटलं, “कागदालाही सोडत नाही का तुम्ही?” ते म्हणाले, लोकांकडे घाण पाठवायची का? आम्ही दोघंही हसलो. ती गोष्ट मी घरी येऊन ताईलाही सांगितली आणि तीही पोट धरून हसली. आम्हा तिघांत कोणालाच काही वावगं वाटलं नाही, हे मला आज सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ताई घरी मुलांच्या शिकवण्या घ्यायची. अक्षर मोत्यासारखं आणि आवाज खणखणीत. समोरच्या इमारतीत शिवणयंत्रावर बसून मला तिचे धडे ऐकू यायचे. आमच्या गल्लीच्या टोकाला भंगार वितळवायची भट्टी होती. तिचं धुरांडं इतकं बुटकं की धूर वर जायच्या ऐवजी आमच्याच खिडक्यांशी गप्पा मारायला यायचा. दोरीवर वाळत घातलेले कपडे घरात घेईपर्यंत करडे व्हायचे आणि भाऊजी ते एकेक करून झटकायचे. मग कधीतरी ताईचा आवाज वाक्याच्या मधेच थांबायला लागला. दोन शब्द वाचायची, श्वास घ्यायची आणि पुन्हा दोन शब्द. पोरांना वाटायचं बाई शुद्धलेखन सांगताहेत, म्हणून ती निमूटपणे लिहून घ्यायची.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, चुलीवर स्वयंपाक करता का? घरात कोणी सिगारेट ओढतं का? ताई म्हणाली, आमच्याकडे यांना खडूची पूडसुद्धा चालत नाही. डॉक्टर म्हणाले, ही वीस वर्षं सिगारेट ओढलेल्या माणसाची फुप्फुसं आहेत. घरी आल्यावर ताईने कोरा कागद घेतला आणि भट्टीच्या विरोधात अर्ज लिहायला बसली. धुरांडं उंच करावं आणि त्याला धूळ पकडणारं यंत्र बसवावं, एवढीच मागणी होती. मग ती दारोदार फिरली. दर सहा पायऱ्यांनी थांबायची, कठड्याला धरून उभी राहायची आणि पुन्हा चढायची. अशा एकशे चाळीस सह्या तिने गोळा केल्या.

सुनावणीला मी तिच्या शेजारी बसले होते. अधिकाऱ्याने एक जाड फाईल उघडली. वाचनालयाच्या गच्चीवरचे नऊ वर्षांचे आकडे त्यात होते आणि सगळे मर्यादेच्या आत. त्याने चष्म्यावरून ताईकडे पाहिलं आणि म्हणाला, “तुमच्या घरचाच माणूस मोजतो ना, बाई?” मागे कोणीतरी हसलं. पाच मिनिटांत अर्ज निकालात निघाला.

घरी आल्यावर भाऊजी तिला म्हणाले की यंत्र काही खोटं बोलत नाही. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण त्या दिवसापासून ताईने भट्टीला दोष देणं सोडलं आणि स्वतःला द्यायला लागली. लहानपणी आपण नीट खाल्लं नाही म्हणून असेल, जिने फार चढलो म्हणून असेल, असं काहीबाही बोलायची. माझा जीव तुटायचा. जिचा श्वास कोंडतोय तिलाच वाटावं की खोट आपल्यात आहे, याहून वाईट काय असतं?

दोन वर्षांनी घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. ते पलंगाशेजारी घुरघुरत राहायचं आणि त्याची नळी ताईच्या नाकाशी असायची. शिकवण्या बंद झाल्या.

त्याच सुमाराला प्रयोगशाळेत एक नवीन बाई रुजू झाली होती आणि ती प्रत्येक पेटी स्वतः जाऊन पाहत होती. वाचनालयाच्या गच्चीवर ती आली तेव्हा भाऊजींनी नेहमीच्या ऐटीत कागद काढला, कठड्याबाहेर धरला आणि झटकला. ती ओरडली नाही. कठड्यावर टेकली आणि तिने विचारलं, “किती वर्षं?” भाऊजी म्हणाले, “अकरा. एकही नागा नाही.” मग तिने त्यांना समजावून सांगितलं की त्यांनी झटकलं तेच तर मोजायचं होतं. चिकटून राहिलेली बारीक धूळ तेवढी आजवर वजनात येत होती.

भाऊजी तिथून थेट माझ्याकडे आले आणि खुर्ची न पुसता बसले. त्यांनी सगळं सांगितलं. लॅबची बाई म्हणाली होती की यापुढे झटकू नका, मागचं मी उकरणार नाही. पण भाऊजींनी स्वतः लेखी दिलं तर ते जुने आकडे रद्द होतील आणि ताईचा अर्ज पुन्हा उघडता येईल. मात्र चौकशी लागेल, कदाचित नोकरीही जाईल. काय करू, धाकटे, असं त्यांनी मला विचारलं.

माझ्या हातात कात्री होती. मी ती खाली ठेवली आणि म्हणाले, “तिचा अर्ज तुम्हीच फेटाळलात, भाऊजी.”

मी ते वाक्य परत घ्यायला हवं होतं, पण मी घेतलं नाही. राग माझ्या नाकावर असतो आणि त्या दिवशी तो रास्तही होता. तरी ज्या माणसाने आपल्या हाताने आपलं घर उसवलंय हे नुकतंच ऐकलंय, त्याला ते पुन्हा ऐकवायची काय गरज होती? मला त्याची आजही लाज वाटते.

संध्याकाळी त्यांनी ताईला सांगितलं. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता ही रडेल नाहीतर त्यांच्यावर बरसेल. पण ती म्हणाली, “म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं.” आणि मग म्हणाली, “अहो, कागद आणा. माझ्यासमोर लिहा.”

भाऊजींनी लिहिलं की अकरा वर्षं मी धूळ झटकून कागद पाठवले, ही चूक सर्वस्वी माझी आहे. ताईने ते वाचलं आणि म्हणाली, “‘नकळत’ लिहा.” ते तयार होईनात. “मी लिहिणार नाही,” एवढंच म्हणत राहिले. शेवटी तिने पेन ओढून घेतलं आणि ‘झटकून’च्या वर तो शब्द स्वतः लिहिला. तिचं मोत्यासारखं अक्षर मी इतकं वाकडं कधी पाहिलं नव्हतं. तसाच तो कागद दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेला.

चौकशी झाली, भाऊजींना दोन महिने घरी बसवलं आणि मग परत बोलावलं, कारण त्या गच्चीवर चढायला दुसरं कोणी तयार नव्हतं. अकरा वर्षांचे आकडे लाल रेघ मारून बाद झाले. आता कागद न झटकता जाऊ लागले आणि आकडे मर्यादेच्या दुप्पट, कधी तिप्पट येऊ लागले. ताई प्रत्येक आकडा विचारून घ्यायची, उशीखालच्या वहीत लिहायची आणि वर मला हसून म्हणायची, “बघ, आता यंत्र माझ्या बाजूने बोलतंय.” नव्या सुनावणीची तारीख लागली. त्या सुनावणीनंतर भट्टीला धूळ पकडणारं यंत्रही बसलं. गल्लीत आता दोरीवरचे कपडे पांढरे राहतात.

पण ताई सुनावणीच्या एकोणीस दिवस आधी गेली. गुरुवार होता. सकाळी दहाला भाऊजी पेटीत कागद लावून आले होते आणि दुपारी चारला तिचा श्वास थांबला. यंत्र त्यानंतरही चालूच होतं आणि ते बंद करायचं कोणाला सुचेना. शेवटी मीच केलं.

शुक्रवारी घर माणसांनी भरलं होतं. साडेनऊला भाऊजी उठले आणि चपला घालू लागले. लोक एकमेकांकडे बघू लागले. हा माणूस आज कामावर निघाला, असं कोणीतरी कुजबुजलंसुद्धा. मी त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावले आणि म्हटलं, आज राहू द्या, भाऊजी.

ते थांबले. म्हणाले, “काल सहा तास ती त्याच हवेत होती, धाकटे. तिच्या दिवसाचा आकडा कोरा राहायला नको.”

मग मीही गेले. गच्चीवर त्यांनी छप्पर उचललं. कागद काळपट झाला होता आणि एका कडेला एक बारीक पतंग चिकटला होता. तो चिमट्याने काढायचा असतो. भाऊजींना तो काही केल्या पकडता येईना, शेवटी चिमटा मी धरला. मग त्यांनी कागद दोन्ही हातांनी उचलला, काळी बाजू आत ठेवून घडी घालायला लागले, आणि मधेच मान पार उलटीकडे फिरवली. मला आधी कळेना. मग दिसलं, त्यांचे डोळे वाहत होते आणि एकही थेंब कागदावर पडू नये म्हणून ते तोंड लांब धरून उभे होते. थेंबाचंही वजन लागतं.

त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते. मी त्यांच्या खांद्यावरचं फडकं घेतलं आणि त्यांचा चेहरा पुसला.

घडी झाली आणि कागद पाकिटात गेला. त्यावर त्यांनी वेळ लिहिली, दहा वाजून बारा मिनिटं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उशीर झाला होता.