पंधराशेतून वीस परसेंट पाणी

भंवरकुआं चौकात माझा पोह्यांचा ठेला आहे. आजूबाजूला सगळी कोचिंगची पोरंपोरी, अख्खा दिवस गणितं घोकणारी, आन् मधे मी, शाळेचं फाटक बाहेरूनच पाहिलेला. मीठ किती, वरून जीरावन मसाला किती, ते माझा हात ठरवतो. डोक्याला कोणी विचारत नाही, आन् डोक्याचीही काही तक्रार नव्हती.

मग बायकोचं दिल कमजोर निघालं. डॉक्टर म्हणाले, तीस परसेंट काम करतंय. मी म्हणालो, "साब, आमच्या खानदानात कोणाला तीस मिळालेच नाहीत." कोणी हसलं नाही. बायकोही नाही, आन् ती तर माझ्या सडेल जोकवरही हसते.

तिच्या पायावर सूज होती. दिवसाला दीड लिटर पाणी चालायचं, मतलब पंधराशे एमएल. डॉक्टर म्हणाले, "बीस परसेंट कम कर दो." मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

सकाळी ठेल्यावर एका पोरीला विचारलं, "बेटा, पंधराशेचे बीस परसेंट किती?"

"तीनशे, भिया," तिने घास चावता चावता सांगितलं.

काय डोकं! मी खूश. घरी येऊन बाटलीत बरोबर तीनशे एमएल पाणी भरलं आन् बायकोसमोर ठेवलं. "हे दिवसभराचं."

मे महिना होता. तिने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, हे काय?"

"बीस परसेंट. पक्कं विचारून आलोय."

"तीनशे कमी करायचंय. तीनशेच द्यायचं नाही. मी बेशुद्ध पडलेली असते, तर तुम्ही मला पापडासारखं वाळवलं असतं."

ती आठवी पास. त्याच संध्याकाळी तिने मला खडू दिला आन् फरशीवर बसवलं. दहा परसेंट काढायचे तर शेवटचं शून्य पुसायचं. पंधराशेचे दीडशे. बीस पाहिजे तर दुप्पट, तीनशे. ते पंधराशेतून काढले की राहिलं बाराशे. तेवढं तिचं पाणी.

मग रोजचंच झालं. ती उशीला टेकून, दम खात खात गणित घालायची आन् मी फरशी खराब करायचो.

"एवढी घाई काय आहे? मला काय कलेक्टर व्हायचंय?"

"मी नसले तर कोणाला विचाराल? पोहे खाणाऱ्या पोरींना?"

मी खडू उचलून पुढचं गणित मांडलं.

पुढच्या तपासणीत दिलाचे तीसचे चोवीस झाले होते. पाणी अजून दहा परसेंट कमी करा, डॉक्टर म्हणाले. ऑटोत बसलो आन् माझं डोकं आपोआप चालू झालं. तीसचे दहा परसेंट तीन. सहा म्हणजे त्याचं दुप्पट. म्हणजे जेवढं दिल चालत होतं, त्यातलं वीस परसेंट गेलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी न सांगता गणित आलं, आन् आलं ते हे.

"किती कमी झालं?" तिने विचारलं.

"सहा."

"तीसातले सहा. परसेंटमधे सांगा."

"नाही जमत बुवा. परत शिकवावं लागेल तुला."

ती बाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "येतं तुम्हाला. ओठ हलत होते."

घरी आल्यावर तिने बाटली पुढे केली. "आता बाराशेचे दहा परसेंट?"

"बारा," मी मुद्दाम म्हणालो.

"शून्यं किती पुसली?"

"दोन."

"एकच पुसायचं. किती वेळा सांगू?" एवढं बोलण्यातच तिला धाप लागली. ते पाहून माझी सगळी नौटंकी उतरली.

"एकशेवीस," मी म्हणालो. "राहिलं हजार ऐंशी."

"बरोबर."

मी पाणी मोजून भरलं. तिने एक घोट घेतला, झाकण लावलं आन् भिंतीकडे तोंड करून पडली.

"अजून एक गणित घाल ना," मी म्हणालो. "कठीणवालं."

"उद्या," ती म्हणाली. "आज दम नाही."