दादानं पाठवलेली सूर्यफुलं

बियांचं पाकीट दादानं पाठवलं होतं, हे मी कधीच नाकारलं नाही. एक पाकीट, पुण्याहून, कुरिअरनं, त्या वर्षीची भाऊबीज म्हणून. वर नाव होतं, खोटं सूर्यफूल. दिसायला सूर्यफूलच, पण लहान, आणि सूर्यामागे तोंड फिरवत नाही. थंडीत वरून पार वाळतं, मेलं असंच वाटतं, अन् फेब्रुवारीत मुळातून पुन्हा फुटतं.

पुढची दहा वर्षं इकडे हिंदी मुलखात, चेरीतालच्या आमच्या अंगणात त्याचं सगळं मी केलं. शाळेत शिकवून यायचं, बाबांचा चहा करायचा, मग खुरपं घ्यायचं. मे महिन्यात लू सुटली की जुन्या साड्यांचा आडोसा बांधायचा. शेंडे खुडायचे, म्हणजे झाड नुसतं उंच न जाता भरतं. पावसात आडवं पडू नये म्हणून काठ्यांचा आधार. मावा पडला की साबणाचं पाणी, एकेक पान उलटं करून. दर तीन वर्षांनी गड्डा खणून, सुरीनं कापून, वेगवेगळा लावायचा. कंबर धरते हो! पण जूनपासून दसऱ्यापर्यंत अंगण पिवळंधमक.

गल्लीतलं कोणी थांबून म्हणालं, ‘बाबूजी, क्या बढ़िया फूल हैं!’ की फॅक्टरीतून रिटायर झालेले आमचे बाबा खुर्चीत सरसावून बसत. ‘लड़के ने भेजे हैं, पूना से.’ मी मागे पाइप धरून उभी, कोपरापर्यंत चिखल. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदा राहवलं नाही. म्हटलं, ‘बाबा, दादानं नुसतं पाकीट पाठवलं. वाढवून तर मी राहिले ना?’

‘अच्छा, मग? तू काहून चिडून राहिली? पाणी तर कोणीपण घालतं.’

पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! अन् मला पाहिजे तरी काय होतं? एकदा, फक्त एकदा, चार लोकांसमोर म्हणावं की हे माझ्या मुलीनं केलं. तोंडानं मागायला लाज वाटायची. मनातल्या मनात मात्र दहा वर्षं हीच भीक मागितली.

गेल्या महालक्ष्म्यांना दादा आला. फुलांपुढे उभं राहून फोटो काढून घेतले, दोन दिवस पुरणपोळी खाल्ली. निघायच्या दिवशी बाबा मला म्हणाले, ‘एक चांगला गड्डा काढून दे त्याला. गॅलरीत लावेल.’

ऐन फुलावरचं झाड खणायचं नसतं. मी सांगितलं, फेब्रुवारीत पाठवते, आत्ता नेलं तर जगणार नाही.

‘त्यानंच पाठवलं ना? त्याला नाही कळत का? तू दे काढून.’

दादा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, ‘चलो, दे गं, बघतो मी.’ काय बघणार होता, कपाळ!

तरी कामात मी खोट ठेवली नाही. सगळ्यांत जुना, भरलेला गड्डा निवडला. लांबून खणला, मुळांची माती सुटू दिली नाही, ओल्या पोत्यात गुंडाळून बादलीत बसवला. सगळं बळ मुळांना जावं म्हणून फुलं कापून टाकली. कापताना रडले. हो, रडले, फुलांसाठी नाही. वर कागदावर लिहून दिलं, पंधरा दिवस सावलीत ठेव, रोज पाणी घाल.

महिन्याभरात त्याचा फोन आला. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर लावलेला. ‘बाबा, ते झाड वाळलं. मधे आम्ही चार दिवस गोव्याला गेलो होतो ना.’

गोवा बाबांनी ऐकलाच नाही. समोर शेजारचे काका चहाला बसले होते. बाबा त्यांच्याकडे वळले. ‘लड़के का क्या दोष? पौधा तो इसी का था. इसी ने लगाया, इसी ने उखाड़ा. हाथ ही ऐसा है इसका.’

पोतं, ओली माती, कागद, गोवा, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. काका कप हातात धरून माझ्याकडे पाहून राहिले होते.

मी म्हटलं, ‘हां, काकाजी. मेरा ही था.’